ट्रॉली जोडणाऱ्या मालमोटारीच्या मागील आंसाचा हिशेब

आपल्या मासिकाच्या वाचकांस बैल निवडण्याची विद्या कोणीं शिकवावयास नको. कोणता बैल ओढीचा व कोणता चालीचा, हें शेतकरी खांदा, छाती व खूर पाहून सांगतो. शर्यतीचा बैल उंसाच्या गाडीस जुंपणारा मनुष्य गांवांत हंशास पात्र होतो. परंतु तोच शेतकरी मालमोटार घ्यावयास निघाला म्हणजे रंग, सालाचा आंकडा, टायर व बँकेचा हप्ता एवढेंच पाहतो. गाडीचा मागील आंस ओढीचा आहे कीं चालीचा, हें तो विचारीत नाहीं. व विकणाराही आपण होऊन सांगत नाहीं. ह्या एका प्रश्नावर क्लच, डिझेल, लिलावाची वेळ व प्रसंगीं मनुष्याचा जीवही अवलंबून असतो. आम्हीं हा प्रश्न न विचारल्यामुळें काय भोगलें तें, व पुढें त्याचा हिशेब कसा मांडावयास शिकलों तें, या लेखांत देत आहों.

१. आंसांत काय असतें

मालमोटारीच्या मागील दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा दिसतो. इंजिनापासून येणारा लांब शाफ्ट या गोळ्यांत शिरतो. शाफ्टाच्या टोंकास लहान दंतचक्र असतें, तें पिनियन. व त्यांत गुंतलेलें मोठें दंतचक्र, तें क्राऊन. क्राऊन फिरलें म्हणजे चाकें फिरतात. समजा, पिनियनास ८ दांते व क्राऊनास ३९ दांते आहेत. तर ३९ भागिले ८ म्हणजे जवळ जवळ ४.८८. शाफ्टाचे ४.८८ फेरे व्हावे तेव्हां चाकाचा १ फेरा होतो. या आंकड्यास आंसाचें प्रमाण म्हणावें. पिनियन ११ दांत्यांचें व क्राऊन ४१ दांत्यांचें असेल तर प्रमाण ३.७३ येतें, ११ व ४७ दांते असतील तर ४.२७.

पहारीनें धोंडा उलथतांना आपण पहारीचा लांब भाग हातांत धरितों. हात पुष्कळ फिरतो, धोंडा थोडा हालतो. पण हालतो हें महत्त्वाचें. आंसाचें प्रमाणही तसेंच. मोठा आंकडा म्हणजे लांब पहार : इंजिन अधिक फिरतें, चाक सावकाश फिरतें, पण जोरानें फिरतें. लहान आंकडा म्हणजे आंखूड पहार : चाक लौकर फिरतें, पण भार आला कीं दबतें. म्हणून या लेखांत मोठ्या आंकड्याच्या आंसास आम्ही ‘ओढीचा आंस’ व लहान आंकड्याच्या आंसास ‘चालीचा आंस’ म्हणूं.

दांते नवी ताकद निर्माण करीत नाहींत, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें. ते सावकाराप्रमाणें एका हातानें जोर देतात व दुसऱ्या हातानें वेग घेतात. देवघेव आपल्या सोयीची आहे कीं नाहीं, एवढेंच आपण पाहावयाचें.

२. आमचा अनुभव

आमची शेती देवळा तालुक्यांत, मुंबई–आग्रा महामार्गापासून आंत. महसूल खात्यांतील कारकुनी संपण्यास दोन वर्षें उरलीं होतीं तेव्हां आम्हीं व चुलतबंधूंनीं मिळून एक जुनी छोटी मालमोटार घेतली व तीस दोनचाकी ट्रॉली जोडली. कांहीं महिन्यांनीं मागील आंसांत खडखड होऊं लागली, म्हणून गाडी एका दुरुस्तीच्या दुकानांत नेली. मिस्त्री म्हणाला, “अण्णा, ह्याच मापाचे दांते मिळायला वेळ लागेल. माझ्याकडे दुसरे आहेत, ते बसवितों. गाडी पळेल आणि डिझेलही कमी खाईल.” सात-बाराच्या उताऱ्यांत एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर रात्रभर दप्तर चाळणारे आम्ही, पण किती दांत्यांचे काढले व किती दांत्यांचे घातले, हा प्रश्न त्या दिवशीं आमच्या तोंडून निघाला नाहीं. पुढें मोजलें तेव्हां कळलें कीं ४.८८ चें प्रमाण जाऊन ३.७३ चें आलें होतें.

रिकामी गाडी खरोखरच पळूं लागली. आम्ही मिस्त्रीची तारीफ केली. वैशाखांत उन्हाळ कांदा पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत न्यावयाचा होता. मालमोटार व ट्रॉली भरली. शेतांतून वर येणाऱ्या चढणीवर गाडी जागची हलेना. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून ती वर काढली. तेव्हांच शहाणें व्हावयास हवें होतें. परंतु लिलावाची घाई होती.

मालेगांवच्या बाजूनें चांदवडकडे येतांना राहुड घाट चढावा लागतो. घाटांत दुसऱ्या गिअरांत इंजिन धापा टाकूं लागलें. मागें वाहनांची रांग, म्हणून चुलतबंधु गिअर न बदलतां अर्धा क्लच दाबून गाडी ओढीत राहिले. थोड्याच वेळांत जळका वास आला. पहिला गिअर घातला तों क्लच पकड घेईना. गाडी थांबली व मग मागें सरकूं लागली. ट्रॉली आडवी वळली. आमचा पुतण्या पोत्यांवर बसला होता; तो उडी मारून चाकाखालीं दगड लावावयास धांवला. पहिला दगड फुटला, दुसरा टिकला. चाकाखालीं त्याची चप्पल सांपडली. पाय थोडक्यांत वांचला. तो मुलगा आज शेती पाहतो, पण त्या चपलेची आठवण निघाली म्हणजे घरांत अजून कोणी बोलत नाहीं.

माल दुसरे दिवशीं दुसऱ्याच्या गाडीनें गेला. भाडें, क्लच प्लेट व बुडालेला दिवस हें सर्व कांद्याच्या पैशांतून वजा झालें. मिस्त्रीस सर्वस्वीं दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें ‘गाडी पळेल’ म्हटलें व ती पळाली. आम्हांस ती पळावयास नको होती, ओढावयास हवी होती. हें सांगण्याचें काम आमचें होतें.

३. ओढीचा हिशेब

मराठी शाळेंतील त्रैराशिक ज्यास येतें त्यास पुढील हिशेब अवघड नाहीं. तीन पायऱ्या आहेत.

*पहिली पायरी : किती ओढ लागेल?* गाडी, ट्रॉली, माल व माणसें यांचें एकूण वजन घ्यावें. चढ २० फुटांस १ फूट असेल तर वजनाचा विसावा भाग ही चढाची ओढ. डोंगराळ भागांतील मोठे रस्ते बांधतांना सामान्यतः याच चढाची मर्यादा धरतात. वळणावर व जुन्या रस्त्यावर चढ याहून अधिक असूं शकतो. याशिवाय चाक फिरविण्यासच जी ओढ लागते ती डांबरी रस्त्यावर शेंकडा २, दाबल्या गेलेल्या मातीच्या वाटेवर शेंकडा ४ धरावी. भुसभुशीत नांगरटींत ती याच्या कितीतरी पट होते.

चढाची ओढ किती भयंकर असते, याचा दाखला आपल्या जिल्ह्याच्या दारांतच आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या घाटांहून पुष्कळ सौम्य. तरीही तेथें गाड्यांस जादा इंजिनें जोडावीं लागतात. कारण १००० टनांच्या गाडीस केवळ चढाची ओढच २७ टन होते. रेल्वे आपल्या इंजिनाचा हिशेब करून मगच घाटास लागते. आपण मात्र देवाचें नांव घेऊन लागतों.

आमच्या गाडीचें वजन मालासह १९०० किलो व ट्रॉलीचें मालासह २१०० किलो, एकूण ४००० किलो होतें. घाटांत २० फुटांस १ फूट चढ धरिला तर चढाची ओढ २०० किलो व रस्त्याची ८० किलो, मिळून २८० किलो. शेतांतून वर येणारी चढण १० फुटांस १ फूट होती : चढाची ओढ ४०० व मातीची १६०, मिळून ५६० किलो. ज्या चढणीस आपण ‘घरचीच वाट’ म्हणतों ती घाटाच्या दुप्पट ओढ मागते, हें येथें पाहण्यासारखें आहे.

*दुसरी पायरी : एकूण प्रमाण किती लागेल?* ओढीस चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतरानें गुणावें. आमच्या चाकाचें हें अंतर ०.३५ मीटर. म्हणून घाटासाठीं २८० गुणिले ०.३५, म्हणजे ९८, चढणीसाठीं १९६. आतां इंजिनाचा फिरविण्याचा जोर किती तें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. आमच्या इंजिनाचा जोर १२ किलोग्रॅम-मीटर आहे. दांते व बेअरिंगें यांच्या घर्षणांत शेंकडा १५ जातो असें धरून १०.२ उरतो. ९८ भागिले १०.२ म्हणजे ९.६, १९६ भागिले १०.२ म्हणजे १९.२. घाटास ९.६ व चढणीस १९.२ इतकें एकूण प्रमाण हवें, असा निकाल आला. नव्या गाड्यांच्या पुस्तकांत जोर न्यूटन-मीटरांत देतात. त्या आंकड्यास ९.८ नें भागिलें म्हणजे किलोग्रॅम-मीटर निघतात.

*तिसरी पायरी : आपल्याजवळ किती आहे?* गिअरबॉक्सचें प्रमाण व आंसाचें प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे एकूण प्रमाण. आमच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.०, दुसरा २.४, तिसरा १.४ व चौथा १.० आहे. तीन निरनिराळ्या आंसांचें कोष्टक असें होतें :

आंस ४.८८ : पहिला १९.५, दुसरा ११.७, तिसरा ६.८, चौथा ४.९.
आंस ४.२७ : पहिला १७.१, दुसरा १०.२, तिसरा ६.०, चौथा ४.३.
आंस ३.७३ : पहिला १४.९, दुसरा ९.०, तिसरा ५.२, चौथा ३.७.

आतां आमची फजिती कोष्टकांत वाचावी. घाटास ९.६ हवें. ३.७३ च्या आंसानें दुसऱ्या गिअरांत ९.० मिळतें; थोडें कमी, पण कमी तें कमीच. ही थोडी तूट क्लच घासून भरून काढण्याचा प्रयत्न झाला, व क्लच जळला. जुन्या ४.८८ च्या आंसानें तोच दुसरा गिअर ११.७ देता व गाडी सुखानें चढती. शेतांतील चढणीस १९.२ हवें, ३.७३ चा पहिला गिअर १४.९ वरच थांबतो. गाडी हलली नाहीं यांत नवल नव्हतें; ती हलेल असें आम्हांस वाटलें यांतच नवल.

या कोष्टकांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. चालीचा आंस म्हणजे वेग, असा सर्वांचा समज असतो. पण ३.७३ च्या गाडीस हा घाट पहिल्या गिअरांत चढावा लागतो. इंजिन मिनिटास २००० फेरे फिरत असतां व चाकाचा घेर २.२ मीटर असतां तिचा वेग ताशीं सुमारें १८ किलोमीटर पडतो. ४.८८ ची गाडी दुसऱ्या गिअरांत त्याच फेऱ्यांवर सुमारें साडेबावीस किलोमीटरनें चढते. म्हणजे भरल्या घाटांत ओढीचा आंसच वेगवान ठरला! वाचकांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें : भार व चढ यांपुढें जो आंस एक गिअर खालीं उतरावयास लावतो, तो वेगाचा नव्हे.

हिशेब पुरा करण्यासाठीं अश्वशक्तीही तपासावी. ओढीस ताशीं किलोमीटरच्या वेगानें गुणून २७० नें भागिलें म्हणजे चाकाशीं लागणारी अश्वशक्ति येते. २८० गुणिले २२.५ भागिले २७० म्हणजे सुमारें २३. आमच्या इंजिनाची अश्वशक्ति २००० फेऱ्यांवर घर्षण वजा जातां २८ च्या आसपास भरते, म्हणून निभतें. जेथें अश्वशक्तीच अपुरी तेथें दांते बदलून वेग वाढत नाहीं. भार कमी करणें हाच उपाय.

४. ओढीच्या आंसाचें मोल

ओढीचा आंस फुकट मिळत नाहीं. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरांत ताशीं ६० किलोमीटर वेगानें जातांना ३.७३ च्या आंसावर इंजिन मिनिटास सुमारें १७०० फेरे फिरतें, ४.२७ वर १९४०, व ४.८८ वर २२२०. फेरे वाढले म्हणजे आवाज वाढतो व रिकाम्या गाडीचें डिझेल अधिक जळतें. जो मनुष्य वर्षांतील बहुतेक दिवस सपाट डांबरी रस्त्यानें हलका भाजीपाला नेतो, त्यानें ओढीचा आंस घेणें म्हणजे टांग्यास नांगराचा बैल जुंपणें होय.

म्हणून मधला मार्गही पाहावा. ४.२७ चा आंस घाटास लागणारें ९.६ दुसऱ्या गिअरांत पुरवितो. शेतांतील चढणीस मात्र तो पूर्ण भारानिशीं अपुरा आहे. एकूण वजन ४००० वरून ३५५० किलोवर आणिलें तर पुरतो. म्हणजे सुमारें साडेचार क्विंटल माल वर रस्त्यावर येऊन भरावा लागेल. ज्याच्या शेतांतून दरसाल दहाच खेपा निघतात त्यास हें परवडेल. ज्याच्या शंभर निघतात त्यास परवडणार नाहीं. तसेंच ४.८८ चें १९.५ हें १९.२ हून किंचितच अधिक आहे. जुनें इंजिन, वैशाखांतील ऊन, मिटत आलेला एअर फिल्टर यांचा विचार करतां शेंकडा दहा शिल्लक ठेवून भार भरावा, हेंच शहाणपणाचें.

दुसरेंही एक बंधन आहे. दांत्यांनीं ओढ वाढते, पकड वाढत नाहीं. मागील चाकांवर पुरेसें वजन नसेल तर चाकें जागच्या जागीं फिरतात व माती उकरतात. यासाठीं ट्रॉलींतील माल अगदीं मागें भरूं नये. ट्रॉलीच्या दांडीचा थोडा भार गाडीवर आला पाहिजे. मात्र इतका नव्हे कीं गाडीचें तोंड वर उचलेल व स्टिअरिंग हलकें पडेल.

५. जीप गाडीचा दाखला

एकच गाडी दोन कामांसाठीं कशी निरनिराळी करतात, याचें उत्तम उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाची जीप होय. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलीज कंपनीनें लष्करासाठीं जी जीप केली तिच्या आंसाचें प्रमाण ४.८८ होतें. युद्ध संपतांच १९४५ सालीं त्याच कंपनीनें नागरी जीप काढली. ती शेतकऱ्यांनीं नांगर व ट्रॉली ओढण्यासाठीं घ्यावी, असा उद्देश होता. इंजिन मूळचेंच ठेविलें, टायरही त्याच मापाचे ठेविले. पण आंसाचें प्रमाण ५.३८ केलें, म्हणजे पिनियनास ८ व क्राऊनास ४३ दांते. त्याबरोबर पहिला गिअर २.६७ वरून २.८० केला व दुय्यम गिअरपेटीचें जड कामाचें प्रमाण १.९७ वरून २.४३ केलें. गुणाकार केला तर लष्करी जीपचें सर्वांत मोठें एकूण प्रमाण २५.६, व शेतकी जीपचें ३६.६ येतें. इंजिनास एकही अश्वशक्ति न वाढवितां ओढ सुमारें शेंकडा ४३ नें वाढली. पुढें मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलीजच्या जीपा हिंदुस्थानांत जुळविल्या व नंतर घडविल्या; त्याच कंपनीचा मोटारींचा कारखाना आज आपल्या नाशिकांत आहे. गाडी घडविणारे कारखानदार शेतकऱ्यासाठीं आधीं दांते बदलतात. विकत घेणारानें आधीं दांते मोजावे, यांत विशेष तें काय?

जड ट्रकांच्या बाबतींत आजही एकाच नमुन्यास निरनिराळ्या प्रमाणांचे आंस मिळूं शकतात. नवी गाडी घेतांना आपला रस्ता व भार सांगून कोणता आंस बसविला आहे तें लेखी मागावें.

६. मोजणें व बदलणें

गाडीचें पुस्तक हरवलें असेल तर गोळा न उघडतां प्रमाण मोजतां येतें. गाडी सपाट जागीं उभी करावी, पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं गुटके लावावे, गिअर न्यूट्रल करावा. मागील एक चाक जॅकवर उचलावें व आंसाखालीं भक्कम टेकू द्यावा. दुसरें चाक जमिनीवर राहूं द्यावें व त्यासही गुटका लावावा. मग हँडब्रेक सोडावा. शाफ्टावर खडूनें खूण करून उचललेलें चाक बरोबर दोन फेरे फिरवावें. त्या वेळांत शाफ्टाचे जितके फेरे होतील तेंच आंसाचें प्रमाण. एक चाक स्थिर असल्यानें दुसरें दुप्पट फिरतें, म्हणून दोन फेरे घ्यावयाचे. फेरे मोजणारानें गाडीखालीं न शिरतां बाजूनें पाहावें.

दांते बदलावयाचे झाल्यास पुढील गोष्टी सांभाळाव्या :

(अ) क्राऊन व पिनियन यांची जोडी एकत्रच बदलावी. एक नवें व एक जुनें बसविलें तर दोन्ही लौकर खराब होतात. बसविल्यावर दांत्यांची घासण व बेअरिंगांचा ताण जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा.

(आ) चारही चाकें ओढणाऱ्या गाडींत पुढील व मागील आंसांचें प्रमाण एकच पाहिजे. एकच आंस बदलून चारही चाकें जोडलीं तर तीं एकमेकांशीं झगडतात व गिअरपेटी फुटते.

(इ) टायर मोठे घातले तर आंसाची ओढ कमी होते. चाकाचा घेर २.२ मीटरवरून २.४ मीटर झाला तर ४.८८ चा आंस जणूं ४.४७ चा होतो. पुष्कळ गाड्यांची ओढ अशी दिखाऊ टायरांनीं नकळत गेलेली असते.

(ई) गिअरबॉक्समधून चालणारा वेगदर्शक कांटा आंस बदलल्यावर खोटें बोलतो. आमच्या गाडींत ३.७३ चा आंस आल्यावर खरा वेग ६० असतां कांटा ४६ दाखवीत असे. कांट्याचा दांता बदलून घ्यावा.

(उ) काढलेल्या व घातलेल्या दांत्यांची संख्या पावतीवर लिहून घ्यावी. पावती हा कागद आहे; आणि कागदानें जन्मभर आम्हांस पोसलें आहे, म्हणून हें आग्रहानें सांगतों.

७. उतार, ब्रेक व कायदा

चढाचा हिशेब चुकला तर क्लच जातो. उताराचा चुकला तर माणूस जातो. मुंबईकडे माल नेणारास कसारा घाट भरल्या गाडीनें उतरावा लागतो. उतारावर ऍक्सिलरेटर सोडला म्हणजे इंजिन गाडीस मागें धरून ठेवतें, व हें धरणेंही त्याच एकूण प्रमाणानें वाढतें. ओढीचा आंस उतारावर अधिक धरतो, चालीचा कमी. ज्या गिअरांत घाट चढला असतां त्याच गिअरांत उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम खरा आहे. व गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा. न्यूट्रल करून डिझेल वांचविणें हा आत्मघात होय. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात.

१९०० किलोच्या गाडीमागें २१०० किलोची ट्रॉली बिनब्रेकची असेल तर जगांतील कोणताही आंस तिला सांवरणार नाहीं. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक, जोडणीस सांखळी, मागें लाल दिवे व परावर्तक पट्ट्या असाव्या. चाकाखालीं लावावयाचे दोन लांकडी गुटके दोरीनें गाडीसच बांधून ठेवावे, म्हणजे कोणा मुलास दगड शोधीत धांवावें लागणार नाहीं.

कायद्याप्रमाणें ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते, व मालमोटारीनें एकूण किती भार ओढावा यास कारखानदारानें ठरविलेली मर्यादा असते. दांते बदलल्यानें ही मर्यादा वाढत नाहीं. कारण ती ब्रेक, चौकट व टायर यांवरूनही ठरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे. गाडींत कोणताही मोठा फेरफार करण्यापूर्वीं परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांस विचारून घ्यावें.

८. कोणीं काय घ्यावें

निफाड-लासलगांवकडील सपाट मुलखांत, डांबरी रस्त्यालगत ज्याची चाळ आहे व ट्रॉली क्वचितच लागते, त्यास चालीचा आंस पुरेल. ज्यास कधीं सपाट व कधीं घाट असा मिश्र रस्ता आहे, त्यानें मधलें प्रमाण घेऊन शेतांतील भार बेतानें भरावा. कळवण, सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागांत राहणाऱ्यानें, अथवा ज्याची चढण कच्ची व ट्रॉली नेहमींची आहे त्यानें, निःशंकपणें ओढीचा आंस घ्यावा. रिकाम्या खेपेस डिझेल थोडें अधिक जाईल तें क्लच प्लेटीच्या किंमतींत वांचतें. आणि ज्यास घरीं ट्रॅक्टर आहे त्यानें शेतांतून रस्त्यापर्यंतचें काम ट्रॅक्टरकडेच ठेवावें.

निवड करतांना नेहमींचा रस्ता पाहूं नये. वर्षांतील सर्वांत जड खेप व तिच्या वाटेवरील सर्वांत वाईट चढ पाहावा. शेतसारा चांगल्या सालावरून ठरला तर वाईट सालीं कुळ बुडतें, हें महसुली दप्तरांत आम्हीं पाहिलें आहे. गाडीचेंही तसेंच आहे.

आम्हीं पुढच्याच महिन्यांत गाडीस पुन्हां ४.८८ चे दांते बसविले. ८ व ३९ हे आंकडे पावतीवर लिहवून घेतले व दारावरही रंगानें काढले. गाडी आतां पूर्वीसारखी पळत नाहीं. पुतण्या ती चालवितो, राहुड घाट दुसऱ्या गिअरांत चढतो, व दोन लांकडी गुटके तिच्या मागें नेहमीं बांधलेले असतात.